स्थावर

गेल्या दसऱ्याला दुपारी आम्ही दोघं नांदेडात, कौठ्याच्या बाजूला, एका नव्या इमारतीच्या कार्यालयात बसलो होतो. दाराला झेंडूचं तोरण, टेबलावर पेढ्यांचा खोका, आपट्याची पानं. गोदावरीच्या पलीकडे सचखंड गुरुद्वाऱ्यातून हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघायची वेळ होत आली होती. रस्ते बंद होण्याआधी सही व्हावी अशी तिथल्या मुलाची घाई चालली होती. "मॅडम, साडेतीन मुहूर्तांतला आजचा एक. आज टोकन दिलं की पंचांग बघायचं कामच नाही. दार पूर्वेला, स्वयंपाकघर आग्नेयेला, सगळं वास्तूप्रमाणं आहे."

मी पिशवीतून कागद काढला. त्यावर माझे प्रश्न होते. मंजूर नकाशा, महारेराचा क्रमांक, पूररेषा कुठून जाते, मातीची तपासणी झाली का, भूकंपाचा विचार करून कॉलम-बीमचं गणित कुणी केलं. पहिली दोन कागदपत्रं मुलानं लगेच समोर ठेवली. बाकीचं इंजिनिअर साहेबांना माहीत, आणि ते सणासाठी गावी गेलेले. मी सही केली नाही. बाहेर पडल्यावर हे बराच वेळ गप्प होते. पूल ओलांडताना म्हणाले, "मुहूर्त घालवलास."

मुहूर्त गेला म्हणजे नेमकं काय गेलं? हा प्रश्न मी बत्तीस वर्षं बाळगून आहे. त्याचं उत्तर मला माझ्या माहेरच्या घराला मागावं लागतं, आणि ते घर आता नाही.

माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या शेजारचं. आमचा बारा खणांचा वाडा होता. आमच्याकडे घर चौरस फुटांत कुणी मोजत नसे. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि खणांवरून घराची ऐपत कळायची. ढेलज, मग चौक, मग माजघर. दगडामातीच्या भिंती इतक्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय पसरून अभ्यास करायची. वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा थर. माळवदाला एक सवणं होतं, त्यातून उजेडाचा पट्टा सकाळी देवघराशी उतरायचा आणि दुपारपर्यंत बळदाशी पोचायचा. दर वर्षी मृगाआधी आबा, म्हणजे माझे आजोबा, पांढरी माती आणून माळवदावर पसरायचे, गळू नये म्हणून. जुनी माती कुणी काढत नसे. वर्षानुवर्षं थरावर थर चढत गेला. ती माती आम्हाला घराची माया वाटायची.

त्या वाड्याची घरभरणी आबांच्या वडिलांनी अक्षय तृतीयेला केली होती. आमचं घर लिंगायत. जंगमस्वामी आले होते, गावजेवण झालं होतं, असं आबा सांगायचे. कशातही कसूर नव्हती.

१९९३ साली मी लातूरला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, खोली करून राहायचे. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. लातुरात विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, गावोगावीही तसंच. लोक गणपती बोळवून, दमून झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही मुली जिन्यावरून अंगणात धावलो. लातुरात भिंतींना तडे गेले, आमच्या गावात भिंती उरल्याच नाहीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. माझी आई आणि धाकटा भाऊ त्यांत होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाचले. ते चौकाच्या कडेला दोन खांबांमध्ये झोपले होते. खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या, भिंत मात्र पलीकडे कोसळली. आबाही वाचले, कारण ते घरात नव्हतेच. ज्वारीच्या राखणीला रानातल्या कोपीत झोपले होते. कडब्याची कोप. ती हलली, त्यांना जाग आली, एवढंच.

त्यानंतरच्या दिवसांत पाऊस लागला. त्या पावसात काय काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. पण तेव्हा जे ऐकलं ते लिहायला हवं. एक नातेवाईक म्हणाले, विसर्जनात कुठं तरी चूक झाली असणार. दुसरे म्हणाले, गावानं देवाचं काही तरी राहू दिलं. एका बाईनं आईच्या अंगावरच्या दागिन्यांवरून काही तरी अशुभ शोधून काढलं. मी एकोणीस वर्षांची होते, मला उत्तर देता आलं नाही. आज देते. माझा सहा वर्षांचा भाऊ त्या संध्याकाळी गणपतीपुढे टाळ वाजवत चालला होता. त्या टाळाचा हिशेब देवानं पहाटे असा चुकता केला असं म्हणणं हे देवावर आळ घेणं आहे. मी देव मानते. असा देव मानत नाही.

पुढे तज्ज्ञ आले, त्यांनी वाडे उकरून पाहिले, आणि जे सांगितलं ते कुठल्याही गवंड्याला समजेल असं होतं. आमच्या रुंद भिंती खरं तर दोन भिंती होत्या, आतली एक आणि बाहेरची एक, मध्ये मातीगोट्यांची भरती. दोन्हींना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच कुठं घातलेला. धक्का बसताच दोन्ही सुटल्या, आणि वरून पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी माती आली. जिथं लाकडी सांगाडा धड होता तिथं माणसाला अंगापुरती जागा राहिली. माळवदाचं ओझं हलकं करता आलं असतं. दगड घालता आले असते. ते न घालण्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. वाडे बांधले तेव्हा आमच्या भागात भूकंप होतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सरकारच्या नकाशावरही १९९३ साली किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली.

मग मुहूर्त खोटा होता का? हे मी पुष्कळ वर्षं म्हणत होते. लग्नाच्या वेळी मी मुहूर्तावरून वाद घातला. नांदेडला आल्यावर माझं मत सावकाश बदललं, आणि बदलायला इथल्या दिवाळीनं लावलं.

दिवाळीच्या सुमाराला इथं तख्तस्नान असतं. भाविक गोदावरीचं पाणी गागरींनी वाहून आणतात आणि गुरुद्वाऱ्याचा गाभारा धुतात, गुरूंची शस्त्रं स्वच्छ करतात. माझ्या वर्गातल्या एका शीख विद्यार्थिनीच्या आईनं मला पहिल्यांदा ते दाखवायला नेलं. ओले कपडे, खांद्यावर गागरी, म्हातारे आणि पोरं एका ओळीत. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेली ही वास्तू. जी जागा सर्वांत पवित्र, तिचीही दर वर्षी हातांनी सेवा करावी लागते. पवित्र आहे म्हणून ती आपोआप स्वच्छ राहील असं कुणी धरत नाही.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या गुरू गोविंदसिंहांचं स्वतःचं घर कुठं होतं? जन्म पाटण्याचा, आयुष्याची उमेद आनंदपूरला गेली. १७०४ च्या हिवाळ्यात ते सोडावं लागलं आणि पाठोपाठ चारही मुलं आणि आई गेली. १७०८ साली ते गोदेकाठी तळ देऊन राहिले आणि इथंच देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी गुरुपद कुणा माणसाला दिलं नाही, ग्रंथाला दिलं. सगळं गमावलेल्या माणसानं मागे काय ठेवलं, तर उचलून नेता येईल, वाचता येईल असं. मला ते वाचून आबा आठवतात.

आबांना पुनर्वसनात साडेचारशे चौरस फुटांचं घर मिळालं. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, असे तीन आकार ठरले होते. सरळ रस्ते, सारखी घरं, सिमेंटचं छत. आबा त्या छताखाली एक रात्रही झोपले नाहीत. "झोप येईना गं पोरी," एवढंच म्हणायचे. त्यांची बाज अंगणात असायची, पावसाळ्यात पडवीत. बसवण्णांचं नाव घेऊन ते मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे: स्थावराचा भरवसा धरू नये, जंगमाचा धरावा. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आमच्या गावापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, बसवण्णांनी हा विचार मांडला. दगडाचं देऊळ ढासळतं, चालतं-बोलतं माणूस हेच खरं देऊळ. लहानपणी मला ते पाठांतर वाटायचं. आता नोंदणीच्या कागदावर 'स्थावर मालमत्ता' हे शब्द वाचले की आबांचा आवाज ऐकू येतो.

तरीही आबांनी येळवस कधी चुकवली नाही, आणि भूकंपानंतरच्या पहिल्याच मार्गशीर्षात रानात कोप उभी केली. लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही, पण नांदेडच्या पलीकडच्या वाचकांसाठी सांगते. वेळ अमावास्येला लातूर शहर ओस पडतं. पाच मजली इमारतीतली माणसं कुलपं लावून डोक्यावर आंबिलाची बिंदगी घेऊन रानात जातात. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मी पुजतात. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हात धरून जेवायला बसवतात. अंधार पडला की परत येतात. वर्षभर हप्ते फेडून घेतलेल्या घरात त्या दिवशी कुणी नसतं आणि लक्ष्मी येते ती काडाच्या घरात. त्या वर्षी आबांनी आंबील शिंपडली आणि पत्र्याच्या शेडमधली सगळी आळी आमच्या कोपीत जेवली. दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या एका बाईंना अण्णांनी घास भरवले.

तिथं मला कळलं असं आज वाटतं. मुहूर्त ही देवानं दिलेली हमी नाही. मुहूर्त म्हणजे आपण चार माणसांना बोलावून, त्यांच्या देखत दिलेला शब्द. या छताखाली जो झोपेल त्याची जबाबदारी माझी, हा तो शब्द. आबांच्या वडिलांनी तो अक्षय तृतीयेला दिला, आणि त्यांना जेवढं माहीत होतं तेवढा पाळला. मला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. म्हणून आरपार दगड कुठं आहे, पूररेषा कुठून जाते, हे विचारणं माझ्या पूजेचाच भाग आहे. ते न विचारता नारळ फोडला तर मी शब्द दिला असं होत नाही. गोदावरी फुगली आणि विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की या शहरात सखल भागातल्या घरांत पाणी शिरतं. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली-नांदेडच्या पट्ट्याला हादरे बसले, आणि दोन्ही सकाळी मी जिन्यात उभी होते.

इंजिनिअर साहेब दसऱ्यानंतर भेटले. तरुण होते, मला वाटलं होतं कंटाळतील. त्यांनी मातीचा अहवाल उघडला, कॉलमच्या सळ्यांना कड्या किती अंतरावर घातल्यात ते बांधकामावर नेऊन दाखवलं, पूररेषेचा नकाशा समोर ठेवला. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही किल्लारीकडच्या का?"

सही आम्ही दिवाळी पाडव्याला केली. यांना मुहूर्त मिळाला, साडेतीनमधला अर्धा. मला तो दिवस दुसऱ्या कारणासाठी बरा वाटला. पाडवा हा बळीचा दिवस. ज्यानं तीन पावलांत सगळी पृथ्वी देऊन टाकली आणि शब्द मोडला नाही, त्या राजाची आमच्याकडे शेतकरी अजून वाट पाहतात. जमिनीचा तुकडा आपल्या नावावर करायला त्याच्यासारखा साक्षीदार मिळणार नाही. दसऱ्यालाही आपण सीमोल्लंघन करतो आणि त्याच दिवशी प्लॉटच्या सीमा आखतो. मला वाटतं हे सण ज्यांनी लावून दिले त्यांना घराची ओढ आणि घराचं ओझं, दोन्ही ठाऊक होतं.

घरभरणी येत्या येळवशीनंतर आहे. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे झालेत, गाव सोडून आमच्याकडे राहायला येतो म्हणालेत. किती खोल्या, कितवा मजला, हे त्यांनी विचारलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "आबांची बाज मावंल का?" मी टेप घेऊन गेले होते. बाज सहा फूट बाय तीन. बाल्कनी नऊ बाय चार आहे.