तीस मिलिमीटर

आमच्या शहरात ‘गाडी खाली केली’ असं कुणी म्हटलं, की जुन्या मोंढ्यातला माणूस विचारतो, ‘कशाची होती?’ त्याच्या लेखी ट्रकमधला माल उतरवून झाला. दखनीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. दुसरा अर्थ फक्त पंचविशीतल्या काही पोरांना लगेच कळतो: मूळ स्प्रिंगा काढल्या, आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकल्या, गाडीचं पोट रस्त्याच्या जवळ आणलं.

माझ्या मावसभावानं त्याच्या सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएसला हे केलं. २३० अश्वशक्तीची गाडी. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असल्यामुळे आपल्याकडे ऑक्टाव्हिया म्हणजे जवळजवळ घरची सून. तीस मिलिमीटर खाली. म्हणजे तीन सेंटिमीटर, अंगठ्याच्या दीड पेरांएवढं अंतर. त्यावर आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली. मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाहीये: स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या आनंदासाठी केलेल्या बदलात बरोबर-चूक असं काही असतं का?

‘त्याची गाडी, त्याची मर्जी’ हे उत्तर सोपं आहे. ‘आपल्या रस्त्यांवर हा मूर्खपणा आहे’ हे त्याहून सोपं. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांना गाडीच्या खाली वाकून बघायची गरज पडत नाही. मी त्या दिवशी गॅरेजमध्ये होतो, म्हणून आधी तिथलं सांगतो.

पुढच्या चाकाला स्ट्रट असतो. शॉकअप आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग एकत्र. तो अख्खा बाहेर काढावा लागतो, मग स्प्रिंग कंप्रेसरनं दाबून वरचं नट सोडायचं. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये इतकी ताकद कोंडलेली असते, की कंप्रेसर सटकला तर जबडा मोडतो. उस्ताद त्या पाच मिनिटांत कुणाशी बोलत नव्हते, आणि त्यांनी मला दोनदा हातानं मागं सरकवलं. मागची स्प्रिंग वेगळी असते, तिथं चाकाचा आर्म खाली घेतला की ती निघते. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तेव्हा नवी बुटकी दिसली. उस्ताद म्हणाले, ‘ही कमी ऐकते.’ म्हणजे कमी दबते. स्प्रिंग आखूड केली तर तिला दबायला जागा कमी उरते, म्हणून ती कडक असावीच लागते. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ती शेवटच्या रबरावर जाऊन आदळेल.

यातून मिळतं काय? वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर ढकललं जातं. किती, ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. तो साधारण अर्ध्या मीटरवर असतो. त्यातून तीन सेंटिमीटर वजा केले तर फायदा जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा. खरा फरक कडकपणाचा. गाडी कलंडल्यासारखी झुकत नाही, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. तोटेही आहेत. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेला असतो. कडक स्प्रिंगचं उसळणं त्याला आवरलं नाही तर गाडी पकड सुधारण्याऐवजी टणाटण उडते. चाकांचे कोन बदलतात, अलाइनमेंट केलं नाही तर टायर एका कडेनं झिजतात. भावानं शॉकअपसुद्धा बदलले, म्हणून खर्च दुप्पट झाला. काही जण खर्च टाळायला मूळ स्प्रिंगच ग्राइंडरनं कापतात. त्याबद्दल मला काही तात्त्विक बोलायचं नाही. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, चाक हवेत लोंबलं की जागेवरून हलू शकते, आणि तेव्हा समोरून येणाऱ्या दुचाकीवर कोण असेल हे कापणाऱ्याला माहीत नसतं. ती चूक आहे, विषय संपला.

अवघड आहे ते नीट, निगुतीनं केलेलं काम.

कंपनीतला इंजिनिअर स्प्रिंग ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर कुणी एक माणूस नसतो. पाच जण बसतील, डिकीत लग्नाचं सामान असेल, गुडघे दुखणारी आजी मागं असेल, रस्ता सिल्लोडकडचा असेल. या सगळ्या अनोळखी लोकांसाठी तो चाकाच्या वर जागा मोकळी सोडतो. गाडीशौकिनांना नेमकी तीच जागा डोळ्यांत खुपते. टायर आणि मडगार्डमधल्या त्या फटीला ते हसतात, ‘इथं मांजर झोपेल’ म्हणतात. मला मात्र गॅरेजमध्ये उभं असताना वाटलं, की ही फट म्हणजे अजून न आलेल्या माणसांसाठी राखलेली जागा आहे. ती कमी केली की गाडी दोन्ही अर्थांनी खाली होते.

हे मी भावाला सांगितलं. तो चिडला नाही. त्याचा मुद्दा असा: सरासरी माणसासाठी बनवलेली वस्तू प्रत्यक्षात कुणासाठीच नसते. शिंपी आपल्या मापाचे कपडे शिवतो तेव्हा कुणी त्याला स्वार्थी म्हणतं का? शिवाय, आपल्याकडे विकताना कंपन्या युरोपातल्या गाड्या उंच करतात. ‘मी खाली करत नाहीये, जिथं होती तिथं परत आणतोय.’

हा युक्तिवाद मला अजून पूर्णपणे खोडता आलेला नाही. ‘मूळ’ उंची कोणती? साध्या ऑक्टाव्हियापेक्षा आरएस कारखान्यातच थोडी खाली बसवतात. म्हणजे खाली करणं हे पाप नाही, ते कोण करतं यावर ठरतं. कायद्याचं उत्तर साधारण असंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकानं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करू नका. केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. आरसी बुकात गाडीचा रंग असतो, आसनं असतात. स्प्रिंगची उंची मात्र त्यात नसते. त्यामुळे ही गोष्ट कायद्याच्या नेमकी कोणत्या बाजूला पडते यावर गाडीवाले तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फार रस नाही. कायदा उत्पादकाला विचारतो, शेजाऱ्याला विचारत नाही.

शेजारी भेटतो तो गतिरोधकावर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, ताशी २५ किलोमीटरनं गाडी आरामात जाईल असा. आपल्याकडचे बहुतेक या मापाचे नाहीत. एका रात्रीत डांबराचा उभा उंचवटा तयार होतो, पट्टे नाहीत, फलक नाही. भाऊ त्याला शिव्या घालतो. पण असे कितीतरी उंचवटे अपघातानंतर उगवलेले असतात. शाळेसमोर एखादं पोर गेलं, लोक रस्त्यावर बसले, आणि रात्रीतून डांबर पडलं. मापं घेण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोण असतं? त्या ढिगाऱ्यात एक मागणी आहे: इथं हळू जा, आमच्यावर विश्वास ठेव.

आणि गंमत बघा, ती मागणी सगळ्यात जास्त कोण पाळतं? खाली केलेली गाडी. भाऊ प्रत्येक गतिरोधकाला तिरका जातो, एकेक चाक चढवत, चेंबर फुटू नये म्हणून श्वास रोखून. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवतात. शेजारून उंच एसयूव्ही ब्रेकला पायही न लावता उडून जाते. तिला कुणी मूर्ख म्हणत नाही. उलट ‘आपल्या रस्त्यांना हीच गाडी बरोबर’ असं म्हणतो आपण. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं २०२३मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण एक मीटरपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त दिसली. खड्ड्यांपासून स्वतःला वाचवायला आपण वर चढतो आणि तो धोका खाली चालणाऱ्याच्या छातीवर ठेवतो. भावाची हौस निदान त्याच्या स्वतःच्या कंबरेवर बसते.

२०१० सालच्या ऑक्टोबरमध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५१ मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, बँकेकडून कमी व्याज मिळवून. देशभर बातमी झाली. त्या गाड्याही याच रस्त्यांवर आल्या. एवढी माणसं एकत्र येऊन घासाघीस करू शकतात हे मला तेव्हा शाळकरी वयात फार भारी वाटलं होतं, आजही वाटतं. फक्त त्यांनी रस्त्यासाठी तसंच एकत्र यायचं ठरवलं असतं तर जालना रोडवर काय झालं असतं, हा विचार अधूनमधून येतो. उंच गाडी काय किंवा खाली केलेली काय, रस्त्याच्या प्रश्नाला दोन्ही खासगी उत्तरंच आहेत. समृद्धी महामार्ग शहराला लागून गेल्यापासून आणखी एक पळवाट झाली: भाऊ तिथं १२०च्या मर्यादेत गाडी लावतो आणि म्हणतो, ही गाडी याच रस्त्यासाठी आहे. असेलही. पण तिथं पोहोचायला त्याला आधी आपल्या गल्लीतून बाहेर पडावं लागतं, आणि दुचाकीवाल्याला तर तो महामार्ग बंदच आहे. वाळूजला एंड्युरन्सच्या कारखान्यांत दुचाकींचे शॉकअप बनतात. तिघं-चौघं बसलेल्या मोटारसायकली ते निमूट सांभाळतात. सस्पेन्शनचं खरं तत्त्वज्ञान कुणाला लिहायचं असेल तर तिथून सुरुवात करावी.

तरी मी भावाच्या बाजूनं पूर्णपणे नाही, आणि त्याचं कारण मावशी आहे. तिच्या मणक्यात गादी सरकलेली आहे. महिन्यातून दोनदा दवाखाना. स्प्रिंगा, शॉकअप, टायर या सगळ्यांबद्दल भावानं वर्षभर वाचलं, चार लोकांना विचारलं. तिला विचारलं नाही. तो म्हणाला, ‘तिच्यासाठी रिक्षा आहे, बाबांची वॅगनार आहे.’ खरं आहे. पण ‘दुसरी सोय आहे’ आणि ‘तुझी जागा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. परवानगी घ्यावी असं मी म्हणत नाही, तिशीला आलेल्या माणसानं आईची परवानगी कशाला घ्यावी? विचारल्यानं उत्तर बदललं असतं असंही नाही. पण ती फट कमी होणार हे तिला स्प्रिंगा बसल्यावर, पहिल्या खड्ड्यात कळायला नको होतं.

त्याच वेळी हेही सांगायला हवं: काम झाल्यावर त्यानं आणखी अर्धा दिवस घालवून हेडलाइटची पातळी पुन्हा लावून घेतली. पुढून-मागून गाडी सारखी खाली बसली नाही तर दिव्यांचा झोत उचलला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आरटीओनं विचारलं नसतं. भिंतीवर खडूनं रेघ मारून दोघं संध्याकाळी उशिरापर्यंत झोत बघत बसले होते. दौलताबादच्या घाटात रात्री समोरून येणाऱ्या, कधीच न भेटणाऱ्या माणसाचा विचार त्याला सुचला.

मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग पुढच्या सीटला एक उशी ठेवायला सांग त्याला. आणि दवाखान्याला बीड बायपासनं नको, आतल्या रस्त्यानं ने म्हणावं.’