शिडीचा हिशेब

मालेगावात आमच्या मोहल्ल्यातील वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी बुद्धिबळाचे चार पट मांडले जातात. शाळा सुटली की आम्ही तिथे जातो. चार वर्षांपूर्वी आम्हीच तिथे एक फळा टांगला आणि चोवीस जणांची नावे एकाखाली एक लिहिली. सगळे त्याला शिडी म्हणू लागले. आपल्या वरच्या दोन पायऱ्यांपर्यंत कोणालाही आव्हान द्यायचे. जिंकलो तर जागांची अदलाबदल. आणि आव्हान मिळूनही जो सात दिवसांत खेळणार नाही, तो थेट तळाला.

हा शेवटचा नियम वरच्यांसाठी होता. पहिल्या क्रमांकाचे गृहस्थ महिनाभरातच कधी डोकेदुखी, कधी घरी पाहुणे, असे सांगू लागले होते. खेळण्याच्या हौसेने आलेला माणूस क्रमांक मिळताच खेळायला घाबरतो, ही गंमतच म्हणायची. मोठ्यांच्या जगातही हे आहे. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, ही तिची अपेक्षा. कमी मिळाले तर गुण घटतात. हिशेब देखणा आहे, पण जो खेळतच नाही त्याचे गुण शाबूत राहतात. आमची शिडी त्यापेक्षा न्यायी, असा आम्हाला अभिमान होता.

तो एका माणसाने उतरवला. अकराव्या पायरीवर पॉवरलूमवरचा एक कामगार होता. बारा तासांची पाळी, त्यात जोडीदार आजारी पडल्याने त्याचेही काम अंगावर आलेले. सात दिवस संपले. आम्ही त्याचे नाव पुसून चोविसाव्या जागी लिहिले. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा तो आला. फळ्याकडे बघून एवढेच म्हणाला, "सर, हारके उतरते तो चलता था."

नियम सर्वांना एकच होता, हे खरे. पण दुपारी मोकळ्या होणाऱ्या मास्तराचे सात दिवस आणि त्याचे सात दिवस सारखे होते का? या प्रश्नावरून आम्हाला सुलतान खान आठवतात. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस त्यांच्याबरोबर १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्येही. हेस्टिंग्जला त्याने कापाब्लांकाला हरवले. मग मालक मायदेशी परतले, त्यांच्याबरोबर तोही परतला आणि मोठ्या स्पर्धा संपल्या. १९५० साली महासंघाने पहिले ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यात त्याचे नाव नव्हते. १९६६ साली तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये. त्याला पटावर कोणी हरवून खाली उतरवले नव्हते.

आमचे एक मित्र म्हणतात, प्रत्येकाची अडचण ऐकत बसलात तर शिडीची खैरात होईल, डोकेदुखीवालेही रांगेत उभे राहतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. सबब आणि मजबुरी यांत फरक करायचा तर माणसाला त्याची पाळी, मजुरी, घरचे आजारपण विचारावे लागते. दोन डाव खेळायला आलेल्या माणसाची अशी झडती घेणारे आम्ही कोण? वर्गात उशिरा येणाऱ्या पोराला मात्र आम्ही हे सर्व बिनदिक्कत विचारतो, तेही चाळीस पोरांसमोर!

शेवटी कोणाला काही न विचारता नियमच बदलला. आता दिवस नव्हे, शुक्रवार मोजायचे. दुसऱ्या शुक्रवारपर्यंत खेळले की झाले. कामगारांची सोय झाली. पण एकोणिसाव्या पायरीवरचा मशिदीसमोर फळांची गाडी लावतो, त्याचा खरा धंदा शुक्रवारचाच. त्याच्यासाठी काय करावे, ते अजून सुचलेले नाही.

लूमवाला दर शुक्रवारी येतो. वरच्या पाचांतल्या दोघांना त्याने हरवले आहे. नाव वर लिहू का, असे विचारले की काही बोलत नाही, सोंगट्या मांडत राहतो.