नियमगिरीची पर्वतपूजा आणि साधकाचा अहिंसाधर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ पृथक् म्हणून निरूपण केले. त्यांत नित्यमुक्त आणि मोक्षदाता तो एक परमेश्वरच. पर्वत, नदी, वृक्ष हे प्रपंचात मोडतात. त्यांच्या ठायी मानलेली देवता नित्यबद्ध असून तिचे फळ नाशिवंत होय. हा सिद्धान्त ज्यास कळला, त्यास सहज शंका उत्पन्न होते की, जे लोक डोंगरालाच राजा मानून त्याच्या रक्षणास्तव उभे राहतात, त्यांच्या कार्याविषयी साधकाने काय भावना धरावी? ही अज्ञानाची पूजा म्हणून मान फिरवावी, की तींत काही ग्राह्य आहे?

या शंकेच्या निरसनार्थ ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण विचारात घेणे उचित ठरेल. रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांत पसरलेली ही पर्वतरांग डोंगरिया कंध या आदिवासी समाजाचे वसतिस्थान आहे. नियमराजा हा त्यांचा देव. त्यानेच वर्तनाचे नियम घालून दिले, अशी त्यांची श्रद्धा. माथ्यावरील वृक्ष तोडू नयेत, हा त्यांतील एक नियम. या माथ्यावर बॉक्साइटचा थर आहे. पावसाचे पाणी तो धरून ठेवतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे सोडतो. वंशधारा नदीचा उगमही याच प्रदेशात होतो. श्रद्धेने राखलेला माथा खालच्या शिवाराची तहान भागवीत आला, हे यावरून दिसते.

पायथ्याशी लांजीगड येथे वेदांत समूहाचा अॅल्युमिना कारखाना उभा राहिला आणि त्याच्याकरिता माथा खोदण्याची योजना पुढे आली. आदिवासींनी तीस दीर्घकाळ विरोध केला. अखेर 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय दिला. संविधानाची 25 व 26 ही कलमे आणि 2006 चा वनहक्क कायदा यांचा त्यात आधार होता. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली 12 गावांच्या सभा झाल्या. नियमराजाचा वास एका शिखरापुरता नसून संपूर्ण पर्वत हेच त्याचे स्थान आहे, असे लोकांनी सांगितले. बाराही सभांनी खाणीस नकार दिला, आणि जानेवारी 2014 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही परवानगी नाकारली.

स्थानाविषयीची ही भावना महानुभावास अगदीच परकी नाही. ऋद्धिपूर, फलटण, जाळीचा देव येथील ओट्यांपुढे तो दंडवत घालतो. ओट्याचा दगड परमेश्वर नव्हे, हे तो जाणतो. तरी श्रीचरणांच्या संबंधाने ते स्थान वंद्य झाले, म्हणून त्याचा एक खडाही कोणी उपटून नेला तर त्याचे अंतःकरण कळवळते. कंधांची पूजा देवतेची आणि महानुभावाचे वंदन परमेश्वरसंबंधाचे, हा भेद पुसून टाकू नये. परंतु स्वतःच्या स्थानाची वेदना ज्यास ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याच्या स्थानाची मोडतोड उदासीनतेने पाहणे न्यायाचे होईल काय?

येथे दुसरी शंका अधिक कठीण आहे. कंधांच्या विधींत रेड्याचा बळी दिला जातो. अहिंसा ज्याच्या आचाराचा पाया, त्याने अशांची प्रशंसा कशी करावी? याचे उत्तर असे की, बळीचे समर्थन साधकाने कोणत्याही काळी करू नये. हिंसा ती हिंसाच. ती देवतेच्या नावाने झाली म्हणून निर्दोष होत नाही. पण हाच न्याय खाणीसही लावावा लागेल. पर्वताचा माथा फुटला आणि झरे आटले म्हणजे किती पशू, पक्षी, कृमी व माणसे निराश्रित होतील, याची गणती कोण करणार? एका रेड्याची हिंसा डोळ्यांस दिसते. सहस्रावधी जीवांचा आश्रय हिरावला जातो तो हिशेबाच्या वहीत लपून राहतो. पहिलीकडे बोट दाखवून दुसरीस संमती देणे हा अहिंसेचा विचार नव्हे.

स्वामींच्या गुडघ्याखाली आलेल्या सशाची लीळा सर्वांस परिचित आहे. कुत्र्यांपुढून पळालेला तो मुका जीव. त्यास सिद्धान्त ठाऊक नव्हता, नामस्मरण ठाऊक नव्हते. तो भयाने आला एवढेच पुरे झाले. स्वामींनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही, आणि पारध्यांवरही कोप न करता त्यांस बोध करून माघारी लाविले. रक्षण करताना जीवाची योग्यता पाहिली गेली नाही. योग्यतेचा प्रश्न ज्ञानदानाच्या वेळचा.

यावरून साधकाने इतके घ्यावे. उपासना अनन्य ठेवावी; पर्वतापुढे मोक्ष मागू नये. पण वृक्षाच्या तळी राहून आयुष्य वेचण्याची आज्ञा ज्या मार्गास झाली, त्याच्या अनुयायांनी वृक्षाविषयी बेपर्वा असणे शोभत नाही. भिक्षुकाने आपल्या निमित्ताने जीवपीडा होणार नाही, असे अटन करावे. वासनिकाने आपल्या शेतातील, ओढ्याकाठच्या व स्थानाभोवतीच्या झाडांचा सांभाळ करावा. गावच्या सभेत डोंगर वा पाणी विकण्याची गोष्ट निघाली तर मौन धरू नये. कंधांनी देवतेच्या भयाने माथा राखला. परमेश्वराची आज्ञा ज्यास लाभली, त्याच्या हातून त्याहून कमी घडले, तर ती उणीव आज्ञेची नसून आचरणाची ठरेल.