शाळेला कमी पडेल ते लिहून ठेव

अंबाजोगाई
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. ताईस,


परवा फोनवर तू सहज सांगून गेलीस की शाळेचं लाइट बिल थकलं होतं ते तू भरलंस, खडू आणलेस आणि पोषण आहाराच्या मावशींना गॅसच्या टाकीसाठी पैसे दिलेस. तुझं मन मोठं आहे, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पैशांची नोंद कुठे केलीस, असं मी विचारलं तर म्हणालीस, "नोंद कशाला, आत्या?" त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

शिक्षणसेविका म्हणून तुला महिन्याला 16,000 रुपये मानधन आहे आणि तीन वर्षं तेच राहणार. 2023 पर्यंत तर प्राथमिकला 6,000 होते. एवढ्यात खोलीभाडं, पेट्रोल, दादाला थोडा हातभार, आणि वर शाळेचं लाइट बिल. तू बिल भरलंस की कागदावर ते भागलेलं दिसतं. तीसच्या आत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान वर्षाला 10,000 रुपये. वीज, खडू, रजिस्टरं, झाडू, फिनेल, फुटलेली खिडकी, सगळं त्यातच. पंचायत समितीत बसलेल्या माणसाला एवढंच दिसतं की दहा हजार दिले आणि शाळा वर्षभर चालली. म्हणजे दहा हजार पुरतात! कापलेला पैसा हवेत विरत नाही गं. तो कुणाच्या तरी अंगावर पडतो, आणि त्या माणसाने तो मुकाट झेलला की कपात झालीय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा एकही रुपया देऊ नकोस, असं मी म्हणत नाही. मुलं उपाशी असताना टाकी आणावीच लागते. पण दिलेस तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तो खर्च इतिवृत्तावर घे: अमुक तारखेला अनुदान नव्हतं म्हणून शिक्षिकेने अमुक रक्कम घातली, ती परत मिळावी. ती परत मिळेलच अशी आशा मी तुला लावत नाही, पण निदान कागद राहील. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 22 काढून वाच. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा आणि शासनाचं अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बहुतेक शाळांत हा आराखडा मागच्या वर्षीचे आकडे उतरवून, सह्या घेऊन पाठवून देतात. तू तसं करू नकोस. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बाया. त्यांना बसवून वर्षाला खरोखर काय लागतं ते विचार. गॅस किती, पाण्याचा टँकर किती दिवस, मुलींच्या संडासाला दार आहे का. त्यांचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का असतो.

आता मावशींबद्दल. त्या सकाळी नऊला येतात, तांदूळ निवडतात, डाळ शिजवतात, पंगत वाढतात, भांडी घासतात आणि दोन-अडीचला घरी जातात. कोण मूल आज कमी जेवलं, कुणाला ताप आहे, हे आपल्या आधी त्यांना कळतं. त्यांचं मानधन महिन्याला 2,500 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. केंद्राने 2009 मध्ये 1,000 रुपये ठरवले होते, वरचे राज्याने घातले. दिवसाचे शंभराच्या आसपास पडतात. रोजगार हमीच्या कामावर 2025-26 चा दर 312 रुपये होता. तरी बाई तुझ्या शाळेत येते, कारण तिची नात तिथेच शिकते. तिचं बिल दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलंच पाहिजे, तिच्या खात्याचा नंबर बरोबर आहे का ते तू डोळ्यांनी बघ, आणि पैसे जमा झाले का ते तिने विचारायच्या आधी तूच विचार. दुसरं, शिपाई नाही म्हणून वर्ग झाडणं, संडास धुणं हळूहळू तिच्याच गळ्यात पडतं. कुणी तिला तसं सांगत नाही, ती आपणहून करते आणि मग ते तिचंच काम होऊन बसतं. ते होऊ देऊ नकोस. सफाईचा खर्च आराखड्यात वेगळा मांड.

पोषण आहारातल्या अंड्यांचंही तसंच. जानेवारी 2025 मध्ये राज्याने अंड्यांचा आणि साखरेचा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून करा म्हणून कळवलं. रस्त्यावरच्या, बागायती गावात लोकसहभाग होईलही. तुझ्या तांड्यावर कोण देणार? उचल फेडायला सहा महिने उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाकडे अंड्याचे पैसे मागायचे नाहीत. मागितलेस तर त्या घरचं लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत यायला लाजेल.

शिपायाची गोष्ट तुला जिल्हा परिषदेच्या शाळेत पूर्ण कळणार नाही, कारण तिथे तो बहुधा नसतोच. मी हायस्कुलात होते. आमच्याकडचे शिपाई मामा तासाची घंटा द्यायचे, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवून ठेवायचे, वेतन पथकाकडे बिलं पोचवायचे, परीक्षेचे गठ्ठे सांभाळायचे. आठवीतल्या एका पोराला फीट यायची. ती येण्याआधी त्याची नजर कशी होते ते मामांना माहीत होतं, आम्हा शिक्षकांना नव्हतं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस आला नाही. 11 डिसेंबर 2020 चा शासन निर्णय आहे: अनुदानित शाळांतली ही पदं रिकामी झाली की पुन्हा भरायची नाहीत, शाळेला शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागात तो महिन्याला 5,000. पाच हजारांत कोण दिवसभर थांबणार? कुणी दोन तास येतो, कुणी महिन्यात सोडून जातो. घंटा मग शिक्षक देतात, पाण्याची टाकी शिक्षक बघतात, बिलं घेऊन शिक्षक बीडला जातात, आणि त्या दिवशी तीन तास कोरे जातात. कपातीच्या हिशोबात एका पदाचा पगार वाचलेला दिसतो. ते तीन तास कोणत्याच रकान्यात येत नाहीत, आणि मुलांचं नुकसान झालं ते तिथेच. म्हणून तुला सांगते, कामासाठी बाहेर जावं लागलं की हालचाल रजिस्टरमध्ये नुसतं "शासकीय काम" लिहू नकोस. कोणतं काम, कुणाच्या आदेशाने, कोणत्या वर्गाचे किती तास बुडाले, हे लिही. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. पण आधी जुंपलंय हे दिसायला तर हवं.

आता जे आत्ता, या आठवड्यात करायचं ते. तुझ्याकडचे ऊसतोडीचे कोयते दसऱ्यापासूनच हलायला लागले असतील, उरलेले या पंधरवड्यात जातील. हंगामी वसतिगृहाची यादी पक्की कर. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या प्रत्येक लेकराचं नाव त्यात हवं. आईबाप कारखान्यावर असताना शाळेतलं सकाळ-संध्याकाळचं जेवण हेच त्या मुलांचं घर असतं. मंजुरी उशिरा आली तर टोळी थांबत नाही. लेकरू ट्रॅक्टरवर बसून जातं आणि मार्च-एप्रिलशिवाय परत दिसत नाही. म्हणून प्रस्तावाची पोच घे, तारखेच्या शिक्क्यासह. जे मूल जाणारच, त्याला शिक्षण हमी पत्रक हातात दे आणि त्याच्या आईला समजावून सांग की तिकडच्या शाळेत हे दाखवायचं.

यात आपल्या पदांचाही प्रश्न आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते, आणि आधार जुळलेलं मूलच मोजलं जातं. नावात एक काना इकडचा तिकडे झाला तरी समोर बाकावर बसलेलं मूल नसल्यासारखं. 15 मार्च 2024 च्या निर्णयाने निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीला वीसच्या आत पट असेल तर शिक्षकाचं पदच मिळणार नाही, असं त्यातून निघू लागलं आणि राज्यभर ओरड झाली. बालाघाटाच्या डोंगरात वीसचा पट म्हणजे शाळा ओस आहे असं नव्हे. वस्तीच तेवढी आहे. पुढच्या जूनमध्येच आधारची कामं हाती घे, सप्टेंबरची वाट बघू नकोस.

आणखी एक सांगते, ते मन घट्ट करून. मार्च 2025 मध्ये आपल्या बीडमध्ये आश्रमशाळेतल्या एका शिक्षकाने जीव दिला. वर्षानुवर्षं पगाराविना राबलो, असं त्यांनी मागे लिहून ठेवलं होतं. 2001 पासूनच्या "कायम विनाअनुदानित" धोरणाने अशी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात तयार केली. 2009 मध्ये "कायम" शब्द निघाला, मग वीस-वीस टक्क्यांचे टप्पे आले, आणि जाहीर झालेल्या टप्प्याचा पैसा मिळावा म्हणून जुलै 2025 मध्येही शिक्षकांना आझाद मैदानात पावसात बसावं लागलं. तुझ्या केंद्रात असं कुणी असेल. सकाळी शाळा आणि संध्याकाळी रिक्षा, नाहीतर दुसऱ्याच्या रानात मजुरी. शिक्षण परिषदेला तो गप्प गप्प दिसला, पैशाचा विषय निघाला की उठून जाऊ लागला, तर त्याला एकटं सोडू नका. थेट विचारा. घरी जाऊन बसा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतो, तो स्टाफच्या ग्रुपवर टाकून ठेव. आणि त्यांच्या मोर्चाला आपण पगारदार मंडळी जात नाही, हे मला फार लागतं. 2023 च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी आपण सगळे एक झालो होतो. ज्याला पगारच नाही त्याच्यासाठी तसे कधी झालो नाही. तुझी संघटना कोणतीही असो, पुढच्या सभेत हा ठराव तू मांड. नवीन आहेस म्हणून कुणी गप्प बस म्हटलं तरी मांड.

आराखड्याचा मी वापरत होते तो नमुना आणि इतिवृत्ताचा कच्चा मसुदा सोबत पाठवते. त्यात सफाई, गॅस, पाणी आणि वीज यांचे रकाने वेगळे केलेत. वसतिगृहाच्या प्रस्तावाची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठव. शनिवारपर्यंत मिळाली नाही तर आपण दोघी मिळून बीडला शिक्षण विभागात जाऊन येऊ. मी बसने येते, तू थेट स्टँडवर भेट.

तुझी,
आत्या