गर्दींतून एकीकडे

(मार्क ७:३१–३७)



दकापलीच्या मुलखांत लोकांनीं एका बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या मनुष्यास प्रभूकडे आणिलें. त्यानें याजवर हात ठेवावा, एवढीच त्यांची विनंती होती. तें प्रभूस तेथेंच, सर्वांदेखत, करितां आलें असतें. परंतु मार्क सांगतो कीं, त्यानें त्याला गर्दींतून एकीकडे नेलें, त्याच्या कानांत बोटें घातलीं, जिभेस स्पर्श केला, आकाशाकडे पाहून उसासा टाकिला आणि मग शब्द उच्चारिला. ज्यास ऐकूं येत नव्हतें त्याच्याशीं प्रभु आधीं हातांनीं बोलला. चमत्कार आमच्या हातीं नाहीं. परंतु गर्दींतून बाजूस नेणें, त्याला समजेल अशा रीतीनें बोलणें आणि त्याच्यासाठीं उसासा टाकणें, या तीन गोष्टी आम्हां सर्वांस करितां येतात. त्या आम्हीं केल्या नाहींत, हें आज प्रथम कबूल केलें पाहिजे.

कांहीं वर्षांमागें कृष्णाकाठच्या एका मंडळींत हंगामाच्या सणाची उपासना चालली होती. ढोलकी, झांजा व वर कर्णा, असा मोठा गजर होता. इतक्यांत सात वर्षांचा एक मुलगा कान घट्ट दाबून किंचाळूं लागला व जमिनीवर लोळूं लागला. कोणी म्हणालें, "पोराला वळण नाहीं." कोणी कुजबुजलें, "यांत कांहीं शिरलें आहे." आणि आम्ही, जे सुवार्ता सांगावयास उभे होतों, त्यांनीं त्याच्या आईस हातानें बाहेर जाण्याची खूण केली. ती गेली. पुढें पांच महिने ती प्रभुभोजनास आली नाहीं. शेवटीं आम्ही तिच्या घरीं गेलों, तेव्हां ती रडली नाहीं, रागावलीही नाहीं. एवढेंच म्हणाली, "पाळकसायब, त्यो आवाज त्याला सुईवानी टोचतो. तुमी हातानं खूण केली ती त्याला कळली न्हाई. पर मला कळली."

त्या मुलाच्या स्थितीस स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनीं अमेरिकेंत अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ती वैद्यकांत या नांवानें ओळखली जाते. हा संसर्गजन्य रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची वाढच निराळ्या रीतीनें झालेली असते. नांवानें हांक मारिली असतां मूल वळून पाहत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, हवी ती वस्तु बोटानें दाखवीत नाहीं. कोणी उशिरां बोलतें, कोणी ऐकलेलेंच वाक्य पुनः पुनः म्हणतें, कोणी मुळींच बोलत नाहीं, तर कोणी अस्खलित बोलतें. रोजचा क्रम मोडला, अनोळखी स्पर्श झाला किंवा मोठा आवाज झाला, तर तें कासावीस होतें. कोणाची बुद्धि तल्लख असते. कोणास त्याबरोबर बौद्धिक अक्षमताही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ साली जगांत सुमारें १२७ माणसांमागें एक माणूस स्वमग्न होता. मग आमच्या गांवांत असें कोणी नाहीं, असें कसें म्हणावें? तीं आहेत, आम्हीं त्यांस "खुळं" म्हणून परड्याकडच्या खोलींत ठेविलें आहे.

प्रभूच्या शिष्यांनीं जन्मांधास पाहून विचारिलें होतें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोघांवरचाही आरोप काढून टाकिला. तरी तोच प्रश्न आमच्या ओसरीवर अजून विचारला जातो: गरोदरपणीं ग्रहण पाहिलें काय? कोणाचा शाप भोवला काय? आणि बहुधा दोष येतो तो आईच्या माथीं. हें केवळ अडाण्यांचें पाप नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यांत मोठमोठे विद्वानही आईच्या थंड वागणुकीस दोष देत होते. पुढें तें मत खोटें ठरलें. १९९८ साली एका डॉक्टरांनीं लशीकडे बोट दाखविलें. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानें २०१० साली तो मागें घेतला. स्वमग्नतेंत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे, एवढें आज ठाऊक आहे. ती कोणाच्या पापाचें फळ नव्हे, आईच्या मायेंतील उणीव नव्हे.

मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ साली रुग्णालय उघडिलें. त्याच मिरजेंत मिशननें कुष्ठरोग्यांसही आसरा दिला, आणि तो अशा काळीं कीं जेव्हां लोक त्यांस पापी म्हणून गांवाबाहेर काढीत. तो वारसा आम्ही अभिमानानें सांगतों. मग ज्या हातांनीं कुष्ठरोग्याच्या जखमा धुतल्या, त्याच हातांनीं या मायलेकरांस दाराबाहेरची खूण करावी काय?

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणी अंगाऱ्याकडे धांवतात. आणि आमच्यांतले कोणी प्रार्थनेच्या नांवाखालीं मुलास दाबून धरून भूत काढूं पाहतात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झटले, तो त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रांत झाला. भूत काढण्याच्या निमित्तानें कोणास बांधणें वा मारणें त्या कायद्यानें गुन्हा आहे. प्रभूनें त्या बहिऱ्या मनुष्यास बांधिलें नाहीं, दटाविलें नाहीं. प्रार्थना अवश्य करावी. पण ती लेकराच्या अंगावर ओरडून नव्हे.

तर मग काय करावें? पहिली गोष्ट, गर्दींतून बाजूस न्यावें. उपासनेंत दाराजवळची जागा अशा कुटुंबासाठीं राखावी. कर्ण्याचा आवाज कमी करावा. मूल उठून अंगणांत गेलें, तर कोणी मान वळवूं नये. एखाद्या बहिणीनें त्याच्याबरोबर जावें, म्हणजे आईस वचन ऐकतां येईल.

दुसरी गोष्ट, त्याला समजेल असें बोलावें. थोडे शब्द वापरावे, चित्र दाखवावें, पुढें काय होणार तें आधीं सांगावें आणि उत्तरासाठीं थांबावें. मूल बोलण्यांत मागें वाटलें, तर "बापही उशिरांच बोलला" म्हणून वर्षें दवडूं नयेत. आधीं कान तपासून घ्यावे. अंगणवाडींत येणाऱ्या आरोग्यपथकास सांगावें. सातारा वा सांगली येथील शासकीय रुग्णालयांत न्यावें. स्वमग्नता समूळ घालवील असें औषध नाहीं, आणि तें विकणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु लहानपणीं सुरू केलेल्या शिक्षणानें पुष्कळ साधतें.

तिसरी गोष्ट, उसासा टाकावा, म्हणजे त्यांचें ओझें आपलें मानावें. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार नमूद आहेत व स्वमग्नता त्यांत आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व नोंदलें गेलें, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें, मूल सज्ञान झाल्यावरही गरज असल्यास त्यास कायदेशीर पालक नेमून घेतां येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेंत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. ज्यांस अर्ज लिहितां येतो त्यांनीं तो त्या आईसाठीं लिहावा. ज्याच्यापाशीं गाडी आहे त्यानें तिला रुग्णालयांत पोंचवावें. "आमच्यामागें याचें कोण?" हा प्रश्न त्या घरांत रोज रात्रीं दिव्याबरोबर विझतो आणि सकाळीं पुनः उठतो. त्याचें उत्तर मंडळींनें दिलें पाहिजे.

ती बाई आतां पुनः येते. मुलगा अजून बोलत नाहीं. परंतु उपासनेच्या आधीं, देऊळ रिकामें व शांत असतां, तो प्रत्येक जागेवर एकेक गीतपुस्तक मांडतो, कडेस कड लावून, आणि एकही जागा चुकवीत नाहीं. ज्यांनीं त्यास बाहेर घालविलें त्यांच्याही जागेवर तो पुस्तक ठेवितो. येत्या रविवारीं तुमच्या मंडळींतली कोणती जागा रिकामी आहे, आणि ती कोणाच्या खुणेनें रिकामी झाली, हें पाहा. आणि त्या घरीं जा. प्रभु आम्हांस तशी बुद्धि देवो. आमेन.