वैजनाथा, हा हिशेब तुझ्या नावावर नको

परळीच्या वैजनाथा, वैद्यांच्या देवा,

ज्योतिर्लिंग इथलं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद तुझा तू पाहा. आम्हा बीडकरांपुरता तू इथलाच. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी तुझ्या लिंगात लपवले, दानवांनी हात लावला तेव्हा ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी लावला तेव्हा अमृताची धार लागली, अशी तुझी कथा सांगतात. म्हणून तुझ्याकडे येणारा माणूस तुला हात लावून दर्शन घेतो. त्यात कोयत्याने घट्टे पडलेले हात किती असतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या हातांबद्दलच आज बोलायचं आहे.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीपायी बालाघाटाच्या डोंगरातली गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती खर्चूनही झालेली असते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि लेकरं चढतात. मागे म्हातारी माणसं उरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. कष्ट दोघांचे, पण उचलीचा व्यवहार नवऱ्याशी आणि वहीत नाव त्याचं. ती अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. फडात संडास नाही. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, ते धुवायला पुरेसं पाणी नाही. एखाद्या दिवशी पोट धरून कोपीतच पडून राहिली तर खाडा: त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो.

तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो. म्हणून गाडी मध्यरात्री आली तरी भरायला उठावं लागतं. देवा, उसाची एवढी काळजी आम्हाला घेता येते. तोडल्यापासून तासातासाला त्याचं काय होतं हे आम्ही जाणतो, त्याला प्रयोगशाळा आहेत, टक्केवारी आहे. मोळी वाहणाऱ्या बाईच्या अंगावरून महिनोनमहिने पांढरं जातंय, हे मात्र तिच्या जावेपलीकडे कुणाला कळत नाही.

यातली कित्येक दुखणी वेळेवर तपासली तर गोळ्यांनी बरी होणारी. पण ती दवाखान्यात पोचते हंगाम संपल्यावर, आणि तिथे ऐकू येतं की गर्भाची पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर व्हायचा, काढून टाकलेली बरी. लग्न अठराच्या आत झालेलं, विशीत दोन-तीन बाळंतपणं आटोपलेली, तिशीच्या आत पिशवीही गेली. ऑपरेशनचे पैसे कुठून आले? पुन्हा मुकादमाकडूनच. पुढचा हंगाम त्यात अडकला.

२०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

कुणी तिला बांधून टेबलावर झोपवलं नाही, हे खरं. कागदावर तिचा अंगठा आहे. तिने हिशेब केला: पाळी नाही तर खाडा नाही, खाडा नाही तर फेड लवकर. हिशेब बरोबर आहे, देवा, आणि मला तोच छळतो. जिला एक दिवस आडवं व्हायची मुभा नाही, तिच्या संमतीला संमती म्हणायचं की नाही, हे आमच्या शहाण्यांनी सांगावं.

हे सगळं घडून गेल्यावर लोक तुझं नाव घेतात. देवाची मर्जी, नशिबाचे भोग. तुझ्या पायाशी माझं पहिलं मागणं हेच की हा हिशेब तू आपल्या नावावर मांडू देऊ नकोस. पाऊस कमी पडला, तेवढं तुझ्या खात्यावर धरू, तेही भीतभीत, कारण उपशावर उपसा करून जमिनीतलं पाणी आम्हीच संपवलं. बाकीचं सगळं माणसांचं. खाडा मुकादमाने लावला. टोळीसाठी संडास कारखान्याने उभा केला नाही. नीट न तपासता सुरी डॉक्टरने चालवली. जवळच्या सरकारी दवाखान्यात स्त्रियांचा डॉक्टर सरकारने नेमला नाही. आणि साखर किलोमागे दोन रुपयांनी चढली की आरडाओरडा करणारे आम्ही.

कागद आमच्याकडे पुष्कळ आहेत. बाळंतपण मालकाच्याही खर्चाची बाब आहे, असं बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. संविधानात बाळंतपणातल्या मदतीचं कलम ४२ आहे, सार्वजनिक आरोग्याचं ४७ आहे. पण ती मार्गदर्शक तत्त्वांत, नुसत्या त्यांच्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली म्हणतात. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालय १९८२ मध्ये म्हणालं. रेल्वेतून पडून डोकं फुटलेल्या बंगालमधल्या एका शेतमजुराला सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवलं होतं. त्याच्या खटल्यात १९९६ साली त्याच न्यायालयाने सांगितलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याचा हक्कच हिरावणं. पण या कागदांच्या वाटेत कारखाना उभा राहतो आणि म्हणतो, ही आमची कामगारच नाही, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, मी तर गावचाच माणूस.

२०१९ नंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. चांगलं झालं. परवानगीने सुरी थोपेल. खाडा कशाने थोपवायचा?

म्हणून, वैजनाथा, दयेचं मागणं मी आज बाजूला ठेवतो. दयेची शिबिरं होतात, फोटो निघतात, गोळ्यांची पाकिटं वाटली जातात आणि चार दिवसांनी टोळी पुढच्या फडाला जाते. तिला दुखलं तर बसायचा दिवस दे, दंडाशिवाय. फडावर पाणी आणि दार लागणारा संडास दे. तिचं रेशन, लेकराचा अंगणवाडीतला घास, पोटुशी असेल तर तिची तपासणी, हे सगळं गावात अडकून न पडता तिच्यामागे कोल्हापूर-सांगलीच्या शिवारापर्यंत येऊ दे. पिशवी काढायला सांगणाऱ्याला आधी सोनोग्राफी नीट बघायची आणि तिला समजेल अशा भाषेत बोलायची लाज दे.

ज्यांची पिशवी गेली, त्यांना काय मागू? काहींच्या अंडाशयांनाही हात लागला. ऐन तिशीत अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते. मोळी मात्र तेवढीच जड राहते. त्यांची औषधं गावातच आणि फुकट मिळू देत. त्यांच्या अंगावर उरलेली उचल माफ करवण्याची ताकद कुणाच्या तरी सहीत घाल.

आणि पुढच्या दसऱ्याला मुकादम वही उघडेल, तेव्हा त्यात आपलं वेगळं नाव लिहा, असं म्हणायचा धीर तिला दे. ती म्हणेल तेव्हा शेजारी उभ्या नवऱ्याने खाली बघू नये.