लेण्यातील खोली आणि पाळकगृह: धर्मसेवकाच्या आरोग्याची जबाबदारी

ख्रिस्ती धर्मसेवकाचे आरोग्य हा त्याच्या वैयक्तिक शिस्तीचा आणि श्रद्धेचा विषय मानावा, की त्याला सेवेसाठी बोलावणाऱ्या मंडळीने करावयाच्या व्यवस्थेचा, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात क्वचितच उघडपणे विचारला जातो. मंडळी म्हणजे उपासनेसाठी नियमितपणे एकत्र येणारा ख्रिस्ती समुदाय आणि पाळक म्हणजे त्या समुदायाची आध्यात्मिक जबाबदारी वाहणारा दीक्षित सेवक. कॅथलिक परंपरेत या जागी अविवाहित धर्मगुरू असतो, तर प्रोटेस्टंट पाळक बहुधा संसारी असतो. दोघांच्याही जीवनात कामाची वेळ कोठे संपते आणि स्वतःची कोठे सुरू होते हे सांगणे अवघड असते, कारण मृत्यू, आजारपण, घरातील भांडण किंवा मुलाच्या शाळेचा दाखला यांपैकी कशासाठीही पाळकगृहाचे दार केव्हाही वाजू शकते आणि ते उघडणे हेच त्या जीवनाचे व्रत मानले जाते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने जुन्नरला आपले ठाणे उघडले आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चची स्थापना झाली, तेव्हा उत्तर व पश्चिम भारतातील अँग्लिकन परंपरा त्यात विलीन झाली. या भागातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीतील आदिवासी वाड्या, पूर्वेकडे नारायणगाव, ओतूर, मंचर यांसारखी बाजारपेठेची गावे आणि मध्ये कुकडी व घोड नद्यांवरील धरणांनी बागायती झालेला ऊसपट्टा, अशा प्रदेशात विखुरलेल्या कुटुंबांना भेटण्यासाठी सेवकाला एसटीच्या वेळापत्रकावर किंवा दुचाकीवर विसंबावे लागते. मोठ्या शहरातील मंडळीत सहायक पाळक, सचिव, तरुणसंघ आणि महिलामंडळ यांच्यात वाटली जाणारी कामे लहान मंडळीत एकाच माणसाकडे, आणि पुष्कळदा त्याच्या पत्नीकडे, येऊन पडतात.

यात ऋतूचाही वाटा आहे. डिसेंबर महिना ख्रिस्ती सेवकासाठी वर्षातील सर्वांत दगदगीचा असतो, कारण नाताळपूर्वीच्या उपासना, घरोघरीच्या संध्याकाळच्या भेटी आणि गीतफेऱ्या याच काळात होतात. आणि नेमक्या याच काळात ऊसतोडणी सुरू असल्यामुळे शेतातील आडोसा हरवलेले बिबटे वस्त्यांजवळ वावरतात. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून या तालुक्यांतील अंधारात एकट्याने दुचाकीवरून परतण्याचा अर्थ काय आहे हे समजते. अशा प्रवासाला सेवाभाव म्हणून गौरवण्याआधी मंडळीने त्या भेटी दुपारी ठेवता येतील का, किंवा सोबत कोणी जाईल का, एवढे तरी विचारले पाहिजे.

दीर्घकाळच्या कामाच्या ताणाने येणारी गळून गेल्याची अवस्था, कामाविषयी निर्माण होणारा परकेपणा आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही ही भावना, यांच्या एकत्रित स्थितीला मानसशास्त्रात बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात ती व्यवसायाशी निगडित घटना म्हणून नोंदवली आहे, स्वतंत्र आजार म्हणून नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मूळ कामाच्या रचनेत असेल तर उपायही तेथेच शोधावा लागतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयाने नॉर्थ कॅरोलायनातील मेथडिस्ट पाळकांचा जो अभ्यास केला, त्यात लठ्ठपणाचे प्रमाण 39.7 टक्के आढळले, तर त्याच राज्यातील तुलनात्मक लोकसंख्येत ते 29.4 टक्के होते. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि नैराश्य यांचेही प्रमाण अधिक होते. अमेरिकी आकडे मावळपट्ट्याला जसेच्या तसे लागू करणे चूक ठरेल, परंतु इतरांच्या मरणापाशी शांतपणे बसणारा माणूस स्वतःच्या रक्तदाबाकडे दुर्लक्ष करतो, ही प्रवृत्ती काही एका देशापुरती नाही.

या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर जुन्नरच्या खडकातच कोरलेले आहे, ही गोष्ट मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत सातवाहन काळाच्या आसपास बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली आणि तेथील ब्राह्मी शिलालेख प्रामुख्याने दानांची नोंद करतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडून दरमहा ठरावीक उत्पन्नाची सोय केल्याचाही उल्लेख सापडतो. धर्मासाठी घर सोडलेल्या माणसाला निजण्याची खोली, पिण्याचे पाणी, जेवणाची जागा आणि न आटणारे उत्पन्न लागते, हे त्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी ओळखले होते. शिवाय भिक्षूंच्या नियमांत वर्षावास होता, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भटकंती थांबवून एका जागी राहण्याचा दंडक. विश्रांती ही कोणाच्या मर्जीवर न सोडता पंचांगातच बांधलेली होती. दाते केवळ पुण्याच्या इच्छेने देत होते असे म्हणून ही नोंद बाजूला सारता येणार नाही, कारण त्यांनी काय दिले हे पाहिले तर गरजेचा किती बारकाईने विचार केला होता हे स्पष्ट दिसते.

ख्रिस्ती मिशनचा इतिहास या बाबतीत दुभंगलेला आहे. मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल न्यूएल 1821 मध्ये पटकीने गेले आणि गॉर्डन हॉल मार्च 1826 मध्ये नाशिकच्या परिसरात पटकीच्या रुग्णांना औषधे वाटून परतताना वाटेतच त्याच रोगाने, वयाच्या 41 व्या वर्षी, मरण पावले. अशा मृत्यूंनंतर मिशन संस्था हळूहळू शहाण्या झाल्या. महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळ्यात राहण्याची सोय आणि काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी जाण्याची दीर्घ रजा ही परदेशी मिशनऱ्याच्या जीवनाची मान्य अंगे बनली. एतद्देशीय पाळकाच्या वाट्याला मात्र ना ती रजा आली, ना तसे वेतन. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांनी मांडलेले तत्त्व, की स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः सांभाळावा, स्वाभिमानाच्या दृष्टीने योग्यच होते. तथापि मंडळी गरीब असली की त्या स्वावलंबनाची किंमत पाळकाच्या स्वयंपाकघरातून वसूल होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ या स्वतंत्र कल्पनेला वाहून घेतले आणि 1919 च्या मे महिन्यात, साठीही न गाठता, त्यांचे निधन झाले. त्यांचा त्याग खराच होता. पण त्या त्यागाचा हिशेब घरात कोणी पेलला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास त्यात सांगितलेल्या प्रसंगांतून कळते. धर्मसेवकाच्या आरोग्याचा विचार त्याच्या पत्नीला आणि मुलांना वगळून करणे म्हणजे अर्ध्या घराचा विचार करणे होय.

त्यागाच्या आदर्शाला बायबलचा आधार दिला जातो, परंतु तेच बायबल संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसलेला असताना देवदूताने त्याला प्रथम उपदेश केला नाही, तर दोनदा भाकर आणि पाणी देऊन मध्ये झोपू दिले, असे सांगते. जुन्नरच्या दात्यांनी दिलेल्या गोष्टी याहून फारशा वेगळ्या नव्हत्या.

जागतिक चर्चने हे आता लिखित नियमांत आणले आहे. 1983 च्या कॅथलिक धर्मविधानानुसार धर्मगुरूला निर्वाहयोग्य मोबदला, आजारपणात व वृद्धत्वात आधार आणि वार्षिक सुटी यांचा हक्क आहे. पॅरिशचा प्रमुख धर्मगुरू वर्षातून एक महिन्यापर्यंत रजेवर जाऊ शकतो आणि 75 व्या वर्षी त्याने राजीनामा सादर करावा अशी अपेक्षा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या 2009 च्या सेवाशर्तींत दर सात दिवसांत सलग किमान 24 तासांची विश्रांती आणि वर्षाला 36 दिवसांची रजा नमूद आहे. कागदावरील हक्क मात्र बदली पाळक उपलब्ध असेल तरच उपयोगी पडतो, आणि ग्रामीण महाराष्ट्रात खरी अडचण तेथेच आहे.

म्हणून जुन्नर-आंबेगावसारख्या भागात जबाबदारी एकेका लहान मंडळीवर न टाकता धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्रातील सर्व मंडळ्यांनी मिळून, उचलणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. पुण्यातील सधन मंडळ्यांच्या अर्पणातून सामायिक वेतननिधी आणि वैद्यकीय निधी उभा राहिला, तर गावातील पाळकाचा औषधखर्च त्याच्या मंडळीच्या दानपेटीवर अवलंबून राहणार नाही. महिन्यातील एका रविवारी उपासना चालवू शकतील असे सामान्य सभासद तयार करणे, शेजारच्या तालुक्यातील पाळकांनी एकमेकांच्या रजेत सेवा सांभाळणे आणि रविवारच्या श्रमानंतरचा सोमवार तातडीच्या प्रसंगाखेरीज मोकळा ठेवणे, यांना पैशापेक्षा मंडळीच्या संमतीची गरज आहे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि पेपल सेमिनरी यांसारखी नामांकित धर्मशिक्षणकेंद्रे असताना दीक्षेनंतरच्या सेवकांसाठी समुपदेशनाची नियमित सोय होणे अशक्य नाही. अट एवढीच, की समुपदेशक आणि बदलीचा निर्णय घेणारा अधिकारी या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, कारण ज्याच्या हातात बदली आहे त्याच्यापाशी कोणीही आपली निराशा मोकळेपणाने बोलणार नाही. तोपर्यंत केंद्र सरकारची 14416 ही टेली-मानस दूरध्वनी सेवा, जी 2022 पासून विनामूल्य चालते, पाळकांनाही इतर नागरिकांइतकीच खुली आहे, हे प्रत्येक पाळकगृहात माहीत असले पाहिजे.

निवृत्तीचा विषय सर्वांत कमी बोलला जातो. पाळकगृह मंडळीचे असते, त्यामुळे आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिलेल्या सेवकाला सेवा संपताच स्वतःचे घर शोधावे लागते, आणि त्या चिंतेने त्याच्या शेवटच्या दहा वर्षांच्या सेवेवर सावट पडते. सेवेच्या पहिल्या वर्षापासून मंडळी आणि धर्मप्रांत यांनी मिळून निवाऱ्यासाठी स्वतंत्र रक्कम बाजूला ठेवणे, ती इतर कोणत्याही कामाला न वापरणे आणि पाळकाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला तिचा पूर्ण लाभ देणे, ही तरतूद धान्य व्यापाऱ्यांच्या त्या श्रेणीला सहज समजली असती.